गोचीड सुटत नाही, पिसू थांबत नाही

ओतूरच्या पांजरपोळात गेणू गोचिडी काढायचा. तेवढंच काम नव्हतं त्याला. शेण भरायचं, वैरण घालायची, लंगड्या बैलाला धरून उन्हाला बसवायचं, सगळंच करायचा. पण गावानं त्याला ओळखलं ते गोचिडींवरून. गोचीडवाला म्हणून हाक मारली तरी तो ओ द्यायचा.

पांजरपोळ बाजारपेठेतल्या मारवाडी शेठलोकांचा. शेतकऱ्याला नकोशी झालेली जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळायची, हा त्यांचा धर्म. कारभार खेमचंद शेठांच्या नावावर, पण खरी देखरेख त्यांच्या आईची. उगमबाई. गेणू त्यांना माजी म्हणायचा. सकाळी देवळातून आल्या की त्या ओट्यावर बसायच्या आणि माळ ओढता ओढता गेणूच्या हातांकडं बघायच्या. पोळाच्या भिंतीच्या आत कुणाच्या हातून जीव मरता कामा नये, हा नियम. गोचीड हाही जीवच.

म्हणून गेणूचं काम अवघड. कुणीही उपटून काढेल गोचीड, आणि टाचेखाली रगडेल. गेणूला ती जिती काढायची होती. तेलाचं बोट लावायचं, जरा थांबायचं, तिची पकड सैलावली की अलगद मुरडून उचलायची. पाय हलत असले पाहिजेत. मग ती मडक्यात. दुपारी मडकं काखोटीला मारून गेणू गावाबाहेरच्या माळावर जायचा आणि बोराटीच्या जाळीत ते पालथं करून यायचा.

पेठेत बसलेल्यांना ती रोजची करमणूक.

"आलं रं गोचिडीचं वऱ्हाड," कुशाबा ओरडायचा. कुशाबाची गुरं त्याच माळावर चरायची. "गेणूदा, शेठाच्या बैलाची काढून माझ्या गाईला लावतुस व्हय? लई पुण्य घडतंय तुला."

"तुझी गाय पळत न्हाई का? पळव तिला."

"आन तुझ्या सोताच्या बैलाची गोचीड कुठं सोडतुस?"

"ती दगडानं चेचतो. पोळातली गोचीड शेठाची. माझ्या बैलाची माझी."

हे खरं होतं. गेणूला दयाबिया काही नव्हती. शेठाचा पगार, शेठाचा नियम. पण वर्षानुवर्षं तसंच करून हाताला तीच सवय लागली होती, आणि माजींनी आपल्यावर भरवसा टाकलाय याचा त्याला आतून मान वाटायचा. त्यांच्या डोळ्यांआडसुद्धा त्यानं पोळात एक माशी मारली नव्हती.

रक्तपित्या किड्यांचं गेणूनं आपलं एक शास्त्र बांधलं होतं. कुणी विचारलं की बिडी पेटवून तो सुरू व्हायचा.

"गोचीड म्हंजी कूळ. एकदा बूड टेकलं का पोट फुगूस्तवर हलायची न्हाई. मारा, वढा, सुटत न्हाई. गोमाशी भुरटी चोर. ह्या बैलाला डसली, त्यानं शेपूट हाणलं का त्या बैलावर. ढेकूण म्हंजी घरजावाय, दिवसा भितीत झोपायचं आन जेवायच्या टायमाला भाईर. ऊ गरीब, अंग सोडून जायला लाजती."

"आन पिसू?"

"पिसू उनाड. आत्ता हितं, आत्ता तितं. थांबती कुठं? जी थांबत न्हाई ती काय रक्त पिणार आन काय रोग देणार!"

रोग देतात हे त्याला मान्य होतं. अंगभर गोचिडी झालेल्या वासराला ताप चढतो, लालभडक मूत होतं आणि ते मान टाकतं, हे त्यानं पाहिलं होतं. टांग्याचा घोडा गोमाश्यांच्या दिवसांत वाळत वाळत मेलेला पाहिला होता. पण माणसाला? हजारो गोचिडी त्याच्या बोटांतून गेल्या, कित्येक त्याच्या मनगटाला चिकटल्या. त्याला साधी कणकण आली नव्हती. तेव्हा गेणूचा कायदा असा झाला, की जनावराचं जनावरापाशी राहतं आणि माणसाचं माणसापाशी. बैलाची गोचीड बैलाला मारील, माणसाचा ढेकूण माणसाला छळील. शीव कुणी ओलांडत नाही.

घरी त्याची बायको साळुबाई. आंबेगावची, घोड नदीकाठची. हाडापेरानं दणकट, तोंडानं त्याहून. मूलबाळ झालं नाही, ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. गेणू कामावरून आला की ती दारातच म्हणायची, "आदी हात दावा. शेठाची लेकरं घेऊन आला का संगं?" आणि तो खरंच तळहात उलटसुलट करून दाखवायचा. जगात दुसऱ्या कुणाचं त्यानं एवढं ऐकलं नसेल.

एकोणीसशे सात-आठच्या आसपासचा तो हिवाळा. गावात उंदीर पडायला लागले. आधी पेठेत धान्याच्या वखारीमागं, मग घरोघर. उंदीर आढ्यावरून खाली यायचा, दारू प्याल्यासारखा गोल फिरायचा आणि माणसांदेखत मरायचा. प्लेग पूर्वी येऊन गेला होता, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दवंडीची वाट न बघता लोकांनी गाव रिकामं केलं. मळ्यात, ओढ्याच्या काठानं कडब्याच्या आणि तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. शेठलोकही आपल्या मळ्यात छप्परं घालून राहिले.

तालुक्यावरून प्लेगचा डॉक्टर आला. लिंबाखाली उभा राहून त्यानं सांगितलं, की रोग मातीत नाही, वाऱ्यात नाही. उंदराच्या अंगावर पिसू असते, तिच्यात आहे. उंदीर मेला की ती उपाशी पिसू माणसावर येते. गावातलं काहीही झोपडीत आणू नका. आणलंच तर उकळत्या पाण्यात घाला.

लोक हसले. एवढा मोठा रोग आणि एवढीशी पिसू! गेणू मात्र हसला नाही. किड्यातून रोग येतो हे त्या गर्दीत मान्य असलेला तो एकटाच होता. तो पुढं होऊन म्हणाला, "डाक्टरसाहेब, पिसूनं उंदराला रोग दिला, ह्ये पटतंय. पर उंदराची पिसू माणसाला कशी लागंल? गोचीड न्हाई लागत."

"गोचीड वेगळी, पिसू वेगळी," डॉक्टर म्हणाला. त्याला पुढच्या गावी जायचं होतं. "पिसूला रक्त लागतं. कुणाचं ते ती बघत नाही."

"बघितलं पायजे की," गेणू परत येताना कुशाबाला म्हणाला. "अर्धं बराबर सांगतुया. अर्धं पुस्तकातलं हाय."

पोळातली चालती जनावरं मळ्यात हलवली. पण उठता न येणारी, पाय मोडलेली, आंधळी अशी काही मागं राहिली. त्यांना टाकून येणं माजींना शक्य नव्हतं. "मीच जाते," म्हणून त्या निघाल्या, तेव्हा खेमचंद शेठ आडवे आले. शेवटी गेणूनं रोज दिवसा जाऊन दाणापाणी करायचं आणि अंधार पडायच्या आत झोपडीत यायचं, असं ठरलं. साळुबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जायाचं तर जावा. पर तितली काडीबी हितं आणायची न्हाई. आणली तर मी ह्या वड्यात उडी घेईन."

"वड्यात गुडघाभर पाणी हाय."

"मग तुमाला बुडवीन."

पोळात वैरणीच्या खोलीत रोज उंदीर पडलेले असायचे. गेणू त्यांना शेपटीनं उचलून मागच्या चरात नीट ठेवून यायचा. जाळायचं नाही, कारण मेलेल्याच्या अंगावरही जीव असतात. त्याच्या घोट्यांना पिसवा चावल्या. त्यानं खाजवलं आणि सोडून दिलं. त्याला काहीच झालं नाही. आपला कायदा खरा ठरला असं त्याला वाटलं असणार.

झोपडीत साळुबाईला हिवताप आला. ओढ्याला डास मायंदाळ. एक दिवसाआड ती अशी कुडकुडायची, की कडब्याची भिंत हलायची. माळशेजकडून वारं सुटलेलं, अंगावर एक फाटकी वाकळ. तिची माहेरची जाड घोंगडी पोळात वैरणीच्या खोलीत खुंटीला राहिली होती. गाव सोडायच्या गडबडीत ती तिथंच विसरली होती. गेणू ती घेऊन कधीमधी दुपारी पडायचा.

त्या दिवशी तिचे दात एवढे वाजत होते, की तिला बोलता येईना. "माझी घोंगडी," एवढंच ती म्हणाली. तापातलं बोलणं. नंतर तिला ते आठवलंही नाही.

गेणू पोळात गेला. घोंगडी खुंटीवरून काढली. खाली उंदीर मरून पडलेला. त्यानं घोंगडी अंगणात आणली, उन्हात पसरली आणि गोचीडवाल्या माणसासारखी तपासली. पदर पदर बोटांतून काढला. दिसल्या. लोकरीत पाच-सात पिसवा दडलेल्या. बाजूलाच चुलीवर आंधळ्या म्हशीसाठी कण्यांची पेज उकळत होती. पाण्याची दुसरी हंडी चढवायला वेळ लागला नसता. डॉक्टरचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. पण ते पोळाचं अंगण होतं. तिथं त्यानं आजवर जीव उकळला नव्हता, आणि त्याचा हात त्या बाजूला गेलाच नाही. त्यानं एकेक पिसू चिमटीत धरली, वैरणीच्या खोलीपर्यंत नेली आणि कडब्यावर सोडली. गोचीड जिथं असते तिथंच असते, काढली की निघाली. घोंगडीही आता साफ झाली असं त्यानं धरलं.

संध्याकाळी साळुबाई घोंगडीत गुरफटून बसली. ऊब लागली तशी तिला तरतरी आली. आणि तिनं वास घेतला.

"आवं, ही तितली?"

"बघून आणलीया. एक किडा न्हाई तिच्यात."

"मी काय सांगितलं व्हतं?"

"मग दे हिकडं. नेऊन ठिवतो."

तिनं घोंगडी दिली नाही. अंगात हिंव असताना कुणी दिली असती? उलट आणखी जवळ ओढली आणि म्हणाली, "उद्याच्याला बोलते तुमाला." उद्या ती कंबर आणि पोटऱ्या खाजवत होती. लाल पुरळ उठलं होतं. "डास," गेणू म्हणाला.

चार-पाच दिवसांनी ताप पुन्हा भरला, पण यावेळी हिंव नाही. डोकं फुटतंय म्हणायची. डोळे तांबडे. गेणू दिवसाआडची पाळी मोजत बसला, आणि ताप उतरेना. सकाळी ती क्षीण आवाजात म्हणाली, "जांघंत काय तरी चिकटलंय बघा. गोचीड असंल. तुमीच आणली असंल."

तो पुढं सरकला. गोचीड कुठं बसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कानामागं, काखेत, जांघेत, जिथं कातडं पातळ तिथं. त्यानं सवयीनं तेलाचं बोट घेतलं. चाचपलं. टणक लागली. मुरडायला म्हणून त्यानं ती चिमटीत धरली, आणि साळुबाई अशी किंचाळली, की शेजारच्या झोपड्यांतून माणसं धावत आली.

ती कातड्यावर नव्हती. कातड्याखाली होती. लिंबाएवढी गाठ.

गेणू तेलाचं बोट तसंच हवेत धरून बसला. कुशाबा दाराशी आला, त्यानं गाठ बघितली नाही, घोंगडी बघितली.

"ही कुठली?"

गेणूनं खरं सांगितलं. पोळातली. उंदरापासची.

कुशाबानं लांब काठी आणली, घोंगडी काठीवर उचलली, मोकळ्या रानात नेली आणि तिच्यावर काटक्या टाकून आग लावली. लोकर पेटायला वेळ लागतो. आधी धूर झाला. आणि त्या धुरातून पिसवा उडायला लागल्या. तव्यावर मोहरी उडावी तशा. एवढ्या! बायका लुगडी वर ओढून मागं पळाल्या. गेणू तिथंच उभा. साफ केलेली घोंगडी ती. त्यानं पदर पदर बघितली होती. गोचीड शोधणाऱ्या डोळ्यांना, जे हलत नाही तेच दिसत होतं.

त्यानंतर त्यानं झोपडी सोडली नाही. लिंबाच्या पाल्यानं शेकायचं, जवसाचं पोटीस बांधायचं, तोंडात पाणी सोडायचं. कुणी जवळ येईना. भागू म्हणून पोळाचा पाणक्या होता, तो लांबूनच ओरडून सांगून गेला, "गेणूदा, तू काळजी करू नगं. शेठ नारायणगावाला गेल्याती, आन माजी सोता पोळात जात्यात. वैरण घालत्यात." गेणूच्या छातीवरचा दगड उतरला. जनावरं उपाशी नव्हती. त्यानं लांबूनच माजींना हात जोडले.

साळुबाई बरळायची. घोड नदीचं पाणी वाढलंय, भावाला हाक मारा, म्हणायची. एक वेळ अशी आली, की गेणूनं झोपडीबाहेर येऊन जळणाकडं नजर टाकली, सरणाला पुरेल का म्हणून. आणि मग गाठ फुटली. घाण वाहिली, दिवसभर वाहिली. संध्याकाळी तिचा ताप निम्मा झाला. प्लेगातून असं वाचणारं क्वचितच एखादं. ओढ्याकाठी लोक येऊन लांबून बघायचे, जत्रेतलं काही बघावं तसे.

बोलायला लागल्यावर तिनं पहिल्यांदा भाकरी मागितली. दुसऱ्यांदा घोंगडी कुठाय विचारलं. जाळली, असं त्यानं सांगितलं.

"तुमी म्हनला व्हता, बघून आणलीया."

"बघितली व्हती."

"मग दिसल्या न्हाईत?"

गेणूनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कुशाबालाही नाही. पण तिच्यापुढं त्याचे तळहात आपोआप उलटसुलट झाले.

"दिसल्या. पाच-सात. काढल्या म्या."

साळुबाई कोपरावर उठली. "काढल्या, आन मारल्या न्हाईत?"

"पोळात कशा मारू?"

"कुठं टाकल्या?"

"वैरणीच्या खोलीत. कडब्यावर."

ती त्याच्याकडं अशी बघायला लागली, की तो घाबरला. तिला पुन्हा वात झाला असं त्याला वाटलं. पण तिचं डोकं लख्ख होतं.

"आवं," ती म्हणाली, "आन त्या कडब्यावर आता कोण बसतंय?"

गेणू पायात काही न घालता पळाला. माणूस नसलेल्या पेठेतून तो पळत असताना कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. पोळाचं दार उघडं होतं. आंधळी म्हैस रवंथ करत होती, तिच्यापुढं बारीक मोडलेल्या शिळ्या वैरणीचा चुरा तेवढा उरला होता. बोळक्या बैलाला चावता येत नाही, म्हणून कडबा हातानं मोडून द्यावा लागतो. तो मोडायला बसायचं तर वैरणीच्या खोलीतच बसावं लागतं. खोलीत कुणी नव्हतं. कडब्याच्या ढिगावर माणूस बसल्याचा खळगा पडला होता.

मळ्यात गेला तर शेठांच्या छपरापुढं माणसं जमलेली. माजींना दोन दिवस ताप होता. काखेत गाठ. तिसरा दिवस उजाडला नाही.

त्या पिसवा गेणूनं सोडलेल्याच होत्या, की त्या खोलीत आणखी शेकड्यांनी होत्या, हे कोण सांगणार? खोली उंदरांनी भरलेली होती. कुशाबानंही त्याला हेच सांगितलं, आणि शेठापुढं तोंड उघडू नकोस असंही बजावलं. "मेलेलं माणूस माघारी येत न्हाई. तुला कशाला पायजे?"

पण साळुबाईनं ऐकलं नाही. "सांगायचं," ती म्हणाली. "न्हाईतर माझ्या हातचं खायाचं न्हाई." ती अजून नीट चालत नव्हती. काठी टेकत, एक पाय बाजूला टाकत, त्याच्याबरोबर शेठांच्या मळ्याच्या बांधापर्यंत आली आणि तिथं थांबली. गेणू एकटा पुढं गेला.

खेमचंद शेठ खाटेवर बसले होते, डोईला पागोटं नव्हतं. गेणू जमिनीवर बसला आणि सगळं बोलला. खुंटी, घोंगडी, पिसवा, चिमटी, कडबा. शेठ जागचे उठतील, पायतण काढतील, अशी त्याची तयारी होती. तशी तयारी करूनच तो आला होता. बांधावरून साळुबाईलाही दोघं दिसत होते, आवाज येत नव्हता.

शेठांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मारल्या नाहीत तू?"

"न्हाई, शेठ."

"कुणी बघत होतं?"

"कुणी न्हाई."

शेठांनी डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आई असती तर तिला समाधान झालं असतं. ती राहिली नाही, पण तू तिचा नियम राखलास. चांगलं केलंस, गेणू. चांगलं केलंस."

शेठांनी त्याला हात देऊन उठवलं. तो बांधाकडं आला, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघून साळुबाईला वाटलं, कामावरून काढलं असणार.

"काय म्हनलं?"



"म्हनलं, चांगलं केलंस."

साळुबाईच्या हातातली काठी सुटली. ती त्या बांधावर, ढेकळातच, मटकन खाली बसली. आणि गेणू तिच्या शेजारी बसला नाही. तिला धरायला त्यानं हात पुढं केला, पिसवा जित्या सोडणाऱ्या त्याच चिमटीकडं बघितलं आणि अर्ध्यावरच तो मागं घेतला.